चुलीजवळचा पांढरा कागद

ओलं लाकूड जळल्याचा वास आला की मोलगीजवळच्या पाड्यावरचं एक घर आठवतं. धुरातली काजळी मोजायचं यंत्र मी तिथे चुलीजवळ ठेवलं होतं. काजळी त्यातल्या पांढऱ्या कागदावर बसते आणि कागद किती प्रकाश अडवतो त्यावरून ती मोजता येते. भाकऱ्या झाल्यावर कागद काढला, तर तो काळाकुट्ट. मांडीवरच्या खोकणाऱ्या बाळाला थोपटत घरातली सून त्या कागदाकडे बघत राहिली. "याच्या छातीत पण असंच?" तिनं विचारलं. मी होकारार्थी मान हलवली. तिनं बाळ बाहेर सासूकडे दिलं आणि उरलेला स्वयंपाक करायला एकटीच पुन्हा धुरात बसली. पुढच्या हिवाळ्यात गेले, तेव्हा बाळ अंगणात धावत होतं. सून पावसाळ्यात खोकून खोकून गेली, असं सासूनं सांगितलं. तो मुलगा आता शाळेत जातो. त्याला आईचा चेहरा आठवत नाही, मला आठवतो.