लाल कोणाची, हिरवी कोणाची

बायका चरखीवर कापूस रेचायला, म्हणजे त्यातलं बी वेगळं काढायला, बसल्या की मागे सरकीचा ढीग होतो. तो कुणी मुद्दाम करत नाही, आपोआप होतो. आमच्या कापूस-ऑफिसातल्या किश्श्यांचं तसंच झालं. काम रेघा मारायचं, पण चार जुनी मंडळी भेटली की रेघा कुणाला आठवत नाहीत, आबाजीपंत आठवतात! मग एकाने सुरू केलं की दुसरा म्हणतो, "थांब, तुला नीट सांगता येत नाही, मी सांगतो." आज मीच सांगतो. मध्ये कुणी बोलू नका.

तो काळ कापसाचा. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपलेली, तिथला कापूस अडकलेला आणि विलायतेच्या गिरण्या आमच्या वऱ्हाडाकडे डोळे लावून बसलेल्या. अमरावतीत रोज नवा साहेब उतरायचा. त्यांतल्याच एका कापूस-ऑफिसात मला नोकरी लागली, कारण माझं अक्षर बरं होतं. निदान मला तसं वाटत होतं.

काम असं, की चांदूर बाजाराकडच्या झिंगराजी पाटलांच्या काळ्या रानात शेजारी-शेजारी दोन प्लॉट पाडले होते. एकात विलायती बी, दुसऱ्यात पाटलांचं स्वतःचं. पाटलांच्या बापाने दरसाल चांगलं बोंड निवडून, हाताने सरकी काढून ते वाण जपलेलं. झाडं किती वाढली ते दर आठवड्याला मोजायचं, कापडावर दोन रेघा काढून दाखवायचं आणि ते कापड बाजारात टांगायचं. हंगामाच्या शेवटी बडे साहेब येऊन ज्या बियाला पसंत म्हणतील तेच सगळ्या वऱ्हाडात वाटलं जाणार. दुसरं बंद!

पाटील पहिल्याच दिवशी म्हणाले, "माहं बी हारलं त गावातलेच लोक फुकटचं विलायती आनतीन. मंग बापाचं बी म्या कोनाले दाखवू?"

त्या कापडाच्या कोपऱ्यात एक चौकट असे. कुठली रेघ कोणाची, आकडा कशाचा, खूण कसली, ते तिच्यात लिहायचं. साहेब तिचं काहीतरी इंग्रजी नाव घेत. आम्ही म्हणायचो कोपरा. आणि कोपऱ्याचे धनी आमचे नकाशेनवीस, आबाजीपंत. पुण्याकडचे, डोक्यावर घट्ट पागोटं, स्वतःच्या हुशारीबद्दल तिळमात्र शंका नसलेले!

* * *

माझा पहिला कोपरा. मी झोकात लिहिलं, "येथील तांबडी रेघ ही विलायती बियाण्याच्या झाडांच्या सरासरी उंचीची निदर्शक असून..." पुढे अजून बरंच होतं.

आबाजीपंतांनी वाचलं. कापड बाहेर लिंबाच्या झाडाला टांगलं आणि रस्त्याने जाणाऱ्या सगुणा माळणीला हाक मारली. ही त्यांची कायमची रीत होती. येणाऱ्या-जाणाऱ्याने एक जरी प्रश्न विचारला तरी कोपरा पुसायचा.

सगुणाबाईने फुलांची टोपली खाली ठेवली, कमरेवर हात ठेवून पाहिलं.

"एवढं मोठं कावून लिवलं बाप्पा? मले वाचता येते का? मले त एक लाल दिसते, एक हिरवी दिसते. लाल कोनाची, हिरवी कोनाची, तेवढं सांग ना!"

आबाजीपंत माझ्याकडे वळले. "ऐकलंत? लाल कोणाची, हिरवी कोणाची. एवढंच ठेवा. बाकीचं घरी पत्र लिहाल त्यात घाला!"

मी लाल रेघेपुढे गलबत काढलं आणि हिरवीपुढे पाटलांची पगडी. सगुणाबाईने एकही प्रश्न विचारला नाही. पाटलांनी मात्र विचारला, "माही पगडी एवढी वाकडी हाय का?"

* * *

आमचे ऑफिसचे साहेब, म्हणजे धाकटे साहेब, मनाने फार चांगले. फक्त त्यांना ठिपक्याचा नाद. साडेसतरा इंच असेल तर सतरा, मग ठिपका, मग पाच. हुकूमच निघाला.

कापड टांगायचं ते गुळाच्या दुकानाशेजारी. दुसऱ्याच आठवड्यात कोपऱ्यात १७.५ च्या जागी १.७.५. दिसायला लागलं. त्याच्या पुढच्या आठवड्यात ठिपकेच ठिपके, आकडे शोधावे लागायचे! माशांनी आपापली भर घातली होती. एक म्हातारे शेतकरी बराच वेळ पाहत उभे राहिले आणि म्हणाले, "हे कपाशीचं झाड हाय का देवी आलेलं लेकरू?"

साहेब चिडले. दुकान हलवा म्हणाले. गुळाचं दुकान हलवणं म्हणजे अख्खा बाजार हलवणं, पण साहेबाला कोण सांगणार?

आबाजीपंतांनी दुकानाला हात लावला नाही. त्यांनी ठिपके पुसले आणि आपल्या जुन्या रीतीने लिहिलं, १७॥. सतरा आणि अर्ध्याच्या दोन उभ्या रेघा. पाव असेल तर एक, पाऊण असेल तर तीन.

"ये क्या है?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, माशी ठिपका देते. उभी रेघ मारत नाही!"

साहेब इतके हसले की त्यांना खुर्चीत बसावं लागलं. पुढे ते स्वतःच्या डायरीतसुद्धा अशाच उभ्या रेघा मारायचे म्हणतात. ते मी पाहिलेलं नाही, ऐकलेलं सांगतो.

* * *

एक किस्सा आबाजीपंत असेपर्यंत मी कुणाला सांगितला नव्हता.

धाकटे साहेब कापडापुढे उभे राहिले की नेहमी भलत्याच रेघेवर बोट ठेवायचे. विलायती बियाची तारीफ करायची आणि बोट पाटलांच्या रेघेवर! आम्ही मागे उभं राहून तोंडात उपरणं कोंबायचो. मला वाटायचं, साहेबाचं लक्ष नाही.

आबाजीपंत हसत नव्हते. एके दिवशी त्यांनी साहेबांना सहज म्हटलं, "साहेब, ती लाल शाई जरा देता का?" साहेबांनी दोन्ही दौती नीट पाहून हिरवी दिली. आबाजीपंतांनी "मेहेरबानी" म्हणून ती घेतली आणि हिरव्या शाईनेच काहीतरी गिरवत बसले.

दुसऱ्या दिवशी दोन्ही रेघा काळ्या झाल्या. विलायतीची सलग, पाटलांची तुटक-तुटक. कोपऱ्यात पण तसंच. साहेब आले, पाहिलं आणि विचारलं, "रंग क्यूं निकाला?"

"साहेब, बाजारात बैल येतात. लाल रंगाने बुजतात."

आता आमच्या अमरावतीचे बैल! लाल झुली पांघरून पोळ्याला मिरवणारे! साहेबांनी आबाजीपंतांकडे बराच वेळ पाहिलं. मग आत गेले. त्या दिवसापासून त्यांचं बोट कधी चुकलं नाही.

पुढे कधीमधी ते येता-जाता विचारायचे, "आबाजी, बैल खूश हैं?"

"फार खूश, साहेब."

माणसाने माणसाची लाज अशी राखावी. मला ते कधी जमलं नाही, म्हणून त्या माणसाचं जास्तच कौतुक वाटतं.

* * *

पुढे ऑफिसातून नवी सूचना आली. मागच्या आठवड्यापेक्षा झाड जास्त वाढलं तर आकड्याआधी अधिकची खूण घालायची, कमी वाढलं तर उण्याची. त्या आठवड्यात विलायती झाडं जोरात होती. मी ठळक अक्षरात +३ लिहिलं आणि कापड टांगून आलो.

दुपारी बाजारात गलका! कापसाच्या बाजारात फुली म्हणजे काय, हे मी विसरलोच होतो. गासडीत पाणी मारलेलं निघालं, माती निघाली की अडते तिच्यावर फुली मारतात. मग त्या गासडीला कुणी हात लावत नाही. लोकांनी पाहिलं, विलायती बियापुढे फुली!

"साहेबानं सोताच फुली मारली!" बातमी चांदूर बाजारापर्यंत गेली. झिंगराजी पाटील बैलगाडी जुंपून आले, गुळाची भेली घेऊन. आबाजीपंतांपुढे ठेवून म्हणाले, "पंत, तुमी माह्या बापाचं नाव राखलं!"

आबाजीपंतांनी गुळाला हात लावला नाही. उठले, ओलं फडकं घेतलं आणि सगळ्या बाजारादेखत ती फुली पुसली. तिच्या जागी एक मूठ काढली, बोट वर केलेली. उण्यासाठी बोट खाली.

"पाटील, तुमचं बी हरलं नाही आणि त्यांचंही हरलं नाही. अजून बोंडसुद्धा धरलेलं नाही."

"चार दिस राहू देल्ली असती त तुमचं काय जात होतं?"

"माझा कोपरा गेला असता!"

पाटील भेली उचलून निघून गेले. पुढे कितीतरी दिवस ते आबाजीपंतांशी बोलत नव्हते. मला वाईट वाटलं. खरं सांगतो, मीही पाटलांच्याच बाजूचा होतो.

* * *

अबोला सुटला तो मानापानावरून. चौकटीत वर कुणाचं नाव? साहेब म्हणाले विलायती वर. पाटलांनी निरोप धाडला, "जमीन माही, पानी माहं, पाहुना वरतं कावून?" लग्नाच्या पंगतीत आधी कुणाला वाढायचं यावरून आमच्याकडे सोयरिकी मोडतात. हे तर कापूस!

आबाजीपंतांनी निकाल दिला. ज्याची रेघ वर, त्याचं नाव वर. दर आठवड्याला पाहायचं.

झालं! पाटील दर बाजाराला यायला लागले. एकदा वर, एकदा खाली. मग पावसाने ओढ दिली. गंमत अशी की विलायती झाड तगलं आणि पाटलांचं खुरटलं. त्या दिवशी मी चौकटीत नावं लिहायला घेतली आणि मागे पाहतो तर पाटील उभे. माझा हात थांबला. म्हटलं, आज राहू द्यावं आहे तसं, कुणाला कळतंय.

पाटीलच म्हणाले, "थांबले कावून? खाली हाय ते खालीच लिवा. पंतानं पाहलं त तुमालेच बोलतीन."

आबाजीपंत आत रेघा मारत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण म्हणाले, "पाटलांना पाणी द्या रे कोणी." एवढ्यावर अबोला संपला. मोठी माणसं दोन्ही!

* * *

आणि आता अकोला.

कापसाचा वेचा संपला. बिघ्यामागे किती मण कापूस, ते मोजून झालं. पाटलांच्या प्लॉटात तीन मणांच्या थोडं वर, विलायतीत तीनाच्या थोडं खाली. फरक लहान, पण पाटलांच्या बाजूचा. आम्ही खुशीत!

तेवढ्यात हुकूम आला. बडे साहेब अकोल्याला मुक्कामी येत आहेत, कापड तिथे आणा. आणि बड्या साहेबांना अपूर्णांकाचा तिटकारा आहे, तेव्हा कोपऱ्यात पूर्ण आकडे. ठिपका नको, उभी रेघ नको.

धाकटे साहेब स्वतः सांगायला आले. चेहरा पडलेला होता. "पूरा आंकडा लिखो, आबाजी. दोनों तीन." मग हळूच म्हणाले, "बराबर हुआ, तो विलायती ही लेंगे. बीज का माल जहाज में चढ़ चुका है."

मी आबाजीपंतांना म्हटलं, "लिहू नका! ज्या माणसाने बाजारादेखत फुली पुसली तो असं लिहिणार?"

"हुकूम आहे," ते म्हणाले आणि दोनदा ३ लिहिला. सुबक, ठसठशीत.

पाटलांनी कापड पाहिलं. "बराबरीत सुटलं म्हनजे म्या हारलो," एवढंच बोलले. मला त्या क्षणी आबाजीपंतांचा भयंकर राग आला.

मग पंत म्हणाले, "हुकूम आकड्यांचा आहे. खुणांबद्दल काही म्हटलेलं नाही." चौकटीतली सलग रेघ आणि तुटक रेघ त्यांनी खरवडून काढली. डिंक मागवला. एका ३ पुढे विलायती कापसाचा पुंजका चिकटवला, दुसऱ्या ३ पुढे पाटलांचा.

अकोल्याला ऑफिसच्या ओसरीत कापड टांगलं. बडे साहेब आले, उंच, कोरडे, घाईत. रेघांकडे पाहिलंच नाही, थेट कोपरा पाहिला. "तीन. तीन. बराबर," म्हणाले आणि वळले.

पण तो माणूस जन्मभर कापसातला. आणि कापसातल्या माणसाला पुंजका दिसला की हात राहत नाही! वळता वळता त्यांची बोटं कोपऱ्याकडे गेली. विलायतीचा चिमूटभर पुंजका घेतला, दोन्ही अंगठ्यांत धरून ओढला. तटकन तुटला. आमच्या उन्हात वाढून त्याचा धागा कच्चा झालेला. मग दुसरा, पाटलांचा, घेतला. ओढला. तुटेना, पुन्हा ओढला. थांबले. उजेडाकडे धरला. परत कोपऱ्याकडे हात नेला, परत ओढला. थोड्या वेळाने दुसऱ्या ३ पुढे नुसता डिंक राहिला.

"और है?" बड्या साहेबांनी विचारलं. "इसका बीज किसके पास है?"

झिंगराजी पाटील पुढे झाले. कमरेच्या शेल्याची गाठ सोडली. आत मूठभर सरकी होती. साहेबांनी हात पुढे केला, तशी पाटलांनी मूठ मिटली.

"पेरत असान त देतो, साहेब. नुसतं पाहाले नाई देत."

धाकट्या साहेबांनी ते, आम्हालाही कळावं म्हणून, हिंदुस्तानीत सांगितलं, शब्द न् शब्द, काही न गाळता.

बड्या साहेबांनी डोक्यावरची टोपी काढली आणि उलटी करून पाटलांपुढे धरली.