बिनकटाची कॅसेट

धुळ्यात त्या काळातल्या कुठल्याही लग्नाची कॅसेट लावा, नवरी कमळातून बाहेर यायची आणि नवरदेव बदामाच्या आकारात मावळायचा. ही सगळी पितांबर शूटिंगवाल्याची करणी. नरडाण्याच्या शेतकऱ्याचा हा मुलगा कापूस वेचायचा कंटाळा आला म्हणून शहरात आला, आणि कॅमेरा खांद्यावर घेतल्यापासून त्याला कशाचंही नवल वाटेनासं झालं. कोणी जत्रेतला चमत्कार सांगो, कोणी टीव्हीवरचा जादूगार वाखाणो, पितांबर पानाची पिंक टाकून म्हणायचा, "बठ्ठं मिक्सिंग शे." म्हणजे सगळी कॅसेट जोडणाऱ्याची करामत. रोज स्वतःच लोकांना फसवणाऱ्याला दुसरं काय सुचणार म्हणा!

त्याच्या आयुष्यात एकच गिऱ्हाईक लग्नाचं नव्हतं. शाळेत गणित शिकवणाऱ्या सुनंदाबाई. नव्वद साली त्यांनी त्याच्याकडून एक कॅसेट करून घेतली होती. विषय टोपॉलॉजी. म्हणजे मापाचं नव्हे, जोडणीचं गणित. पुरणाचा मांडा हातावर कितीही ताणा, तो मांडाच. भोक पडलं की मात्र गोष्ट बदलली, असं बाई समजावून सांगायच्या. कॅसेटचा जीव होता शेवटच्या प्रयोगात. कागदाच्या पट्टीला एक अर्धा पीळ द्यायचा, टोकं चिकटवायची आणि त्या कड्याला मधोमध कापत पूर्ण फेरी मारायची. साधं कडं असं कापलं तर दोन होतात. या पिळाच्या कड्याची दोन होत नाहीत, एकच मोठं कडं हातात येतं.

शूटिंगच्या वेळी नेमकी कापतानाच वीज गेली. दिवा विझला तसा पितांबरने कॅमेरा थांबवला. बाई आपल्या नादात कापत राहिल्या आणि वीज आली तेव्हा एकच कडं हातात धरून उभ्या होत्या. मधला तुकडा शूट झालाच नव्हता. पितांबरने तिथे सवयीने एक उमलतं गुलाबाचं फूल टाकलं, वर सनई. बाईंचा हात साफ आहे, अंधारात कडं छान बदललं, असंच त्याला वाटलं. चोराच्या मनात चांदणं. पण शिक्षिकेला असं तोंडावर कसं म्हणायचं, म्हणून तो गप्प बसला.

गप्प बसली नाहीत ती पोरं. ज्या शाळेत ती कॅसेट लागली तिथे त्या फुलापाशी हशा पिकला. "बाई, फूल काबर उमलनं?" बाईंच्याच वर्गात एकाने विचारलं, आणि दुसऱ्याने उत्तरही देऊन टाकलं, "कडं बदलाले." आयुष्यात एकदाही खोटं उदाहरण न घातलेल्या बाई त्या दिवशी घरी जाऊन रडल्या.

निवृत्तीचं वर्ष आलं तेव्हा ती जुनी कॅसेट पिशवीत घालून त्या पितांबरच्या दुकानात आल्या. "पितांबरभाऊ, ही पुन्हा करायची. सनई नको, फुलं नकोत, आणि कापताना एकही कट नको. माझी नोकरी संपण्याआधी पोरांना ही एक गोष्ट खरी वाटली पाहिजे." पितांबर बरं म्हणाला. या वेळी बाईंची हातचलाखी पकडायचीच, असं त्याने मनात ठरवलं.

रविवारी सकाळी शाळेच्या अंगणात, भर उन्हात, बॅटरीवर शूटिंग सुरू झालं. कागदाऐवजी बाईंनी मांजरपाटाची रुंद पट्टी पीळ देऊन शिवून आणली होती. कॅमेरा स्टँडवर होता आणि पितांबर त्याला डोळा लावून, डोळ्यांत तेल घालून बाईंच्या बोटांकडे बघत होता. कात्री चालत राहिली, फेरी पूर्ण झाली. बाईंनी कापड उचललं. एकच कडं, आधीच्या दुप्पट मोठं. काही बदललं नव्हतं, काही लपवलं नव्हतं.

पितांबर कॅमेरा चालू ठेवूनच पुढे आला. "बाई, मी कापू का?"

बाईंनी कात्री त्याच्या हातात दिली.

"आते आखो मोठं कडं व्हई," तो म्हणाला आणि पुन्हा मधोमध कापत गेला. टोक सुटलं, आणि मोठं कडं झालंच नाही. दोन कडी झाली, आणि तीही एकमेकांत अडकलेली, साखळीसारखी. त्याने ती ओढून पाहिली, झटकून पाहिली. स्वतःच्या हातांनी कापलेली ती कडी सुटेनात. तो तिथेच पायरीवर बसला. त्याच्या अंगावर काटा आला होता. लहानपणी बापाने शेतात उताणं निजवून आभाळ दाखवलं होतं, त्यानंतर असं कधी झालं नव्हतं. हे कोणी केलेलं नव्हतं, हे होतंच.

रात्री दुकानात बाईंबरोबर टेप पाहताना त्याला स्वतःचं ध्यान दिसलं. सदरा वर सरकलेला, तोंडाचा आ वासलेला, पानाने रंगलेले दात. धंद्यातले लोक वर्षभर चेष्टा करणार हे उघड होतं.

"तेवढं काढलंत तरी चालेल," बाई म्हणाल्या. "चेहरा तुमचा आहे."

पितांबरचं बोट बटणावर गेलं, बराच वेळ तिथेच राहिलं. मग त्याने हात मागे घेतला.

शाळेत नवी कॅसेट लागली. बाईंनी कापलं, तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आलाच, "हाईबी मिक्सिंग शे." मग पडद्यावर पितांबर आला, त्याने कापलं आणि तो पायरीवर बसला. वर्ग हसला. पण त्याने जिच्या बहिणीचं लग्न शूट केलं होतं ती जमना हसली नाही.

"पितांबरभाऊनं तोंड दखा ना," ती म्हणाली. "त्यालेबी माहीत नव्हतं."

हसणं थांबलं. मग कोणीतरी वहीचं पान फाडलं, पाठोपाठ दुसऱ्याने. कात्र्यांची मागणी सुरू झाली, ज्याला मिळाली नाही तो फूटपट्टीने फाडू लागला. इतका वेळ दाराशी उभं राहून बघणारा पितांबर आता पोरांत खाली बसून कोणाच्या तरी कागदाचा पीळ नीट करून देत होता. बाईंनी टीव्ही बंद केला, आणि ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.