गोळीशिवाय कोथिंबीर नाही

रक्तदाबाच्या रुग्णांना आधार द्या, अशी पत्रकं मी स्वतः वाटली आहेत. आमच्या सोसायटीने तर आधार-समिती नेमली. तिच्या अध्यक्षपदावरून भांडण होऊन दोघांचा रक्तदाब वाढला. आणि माझ्या बाबांनी, एकदा अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेला असताना, यंत्रावर आकडा बरोबर आला म्हणून गोळ्याच बंद केल्या.

त्यांना वठणीवर आणलं मंडईतल्या एका कोथिंबीरवालीने. तिचं नाव मला आजही ठाऊक नाही. नेहमीच्या गिऱ्हाइकांना ती भाव सांगण्याआधी औषधाचं विचारते. तिच्या नवऱ्याने ‘आता बरं वाटतंय’ म्हणत गोळ्या सोडल्या आणि तो गेला, एवढंच तिने एकदा सांगितलं होतं.

मी बाबांना घेऊन गेलो, तेव्हा जुडीवर पाणी शिंपडत, मान वर न करता ती म्हणाली, “काका, गोळी?”

“हा फोनवर अलार्म लावतो की,” बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

“अलार्म बंद करता येतो. मला बंद करून दाखवा.”

तिने जुडी मागे ओढली आणि पाण्याची बाटली पुढे केली. मागून एक बाई म्हणाल्या, “घ्या हो, आम्हालाही घरं आहेत.” बाबांची गोळी मी खिशात बाळगूनच होतो, ती काढून दिली. बाबांनी ती गिळली.

काल घरात कोथिंबिरीच्या तीन जुड्या होत्या. तरी बाबा गोळी खिशात टाकून मंडईत निघाले.