सहा दिवसांचा वाद आणि ताईचं स्थळ

पाहुणे जेवून उठेपर्यंत वाद घालायचा नाही, अशी आईने बाबांना सकाळीच तंबी दिली होती. ताईला बघायला अकोल्याहून, जठारपेठेतून, मुलगा आणि त्याचे आईवडील यायचे होते. दोन्ही घरं ख्रिस्ती, दोन्हीकडे पवित्र शास्त्र रोज वाचलं जाणारं, आणि मुलगा-मुलगी एकमेकांना आधीच पसंत. अडचण एकच होती. ताईची अमरावतीतल्या शाळेत पक्की नोकरी, आणि सून आपल्याच घरात राहावी हा मुलाच्या वडिलांचा हट्ट. तो विषय कोणी काढेना, म्हणून सगळे समोर आलेल्या, दही-चटणी घातलेल्या गिलावड्याचं कौतुक करत बसले.

काकांनी, म्हणजे मुलाच्या वडिलांनी, खाण्याआधी प्रार्थना केली आणि सहा दिवसांत जग घडवणाऱ्या देवाचे आभार मानले. 'आमेन' म्हणून होतंय न होतंय तोच बाबा म्हणाले, तिथला दिवस म्हणजे चोवीस तासांचा नव्हे, एकेक दिवस म्हणजे एकेक युग. बाबा भूगोलाचे निवृत्त मास्तर. त्यांना गप्प बसवणं देवालाही जमलं नसतं.

काकांनी बशी खाली ठेवली. एका दिवसाला लाक्षणिक म्हटलं की पुढे काहीच शिल्लक राहत नाही, जे लिहिलंय ते तसंच घ्यायचं, असं त्यांनी ठणकावलं. तिथून दोघे नोहाच्या तारवात, म्हणजे जलप्रलयातून सगळे प्राणी वाचवणाऱ्या जहाजात, शिरले. हत्तींचा चारा कुठे ठेवला होता, असं बाबांनी विचारलं. काका म्हणाले, "तुमी गेले होते का पाह्याले?"

मला तर मजा येत होती. मी मुद्दाम गरम वडे वाढत होते, म्हणजे दोघांचाही जोर टिकावा. ताईचा चेहरा मात्र पार उतरला होता. स्थळ हातचं जातंय हे तिला दिसत होतं. शेवटी तीच बोलली, अगदी गरीब आवाजात. पुरुषाने आईबापांना सोडून बायकोला धरून राहावं असं त्याच उत्पत्तीच्या पुस्तकात, दुसऱ्या अध्यायात आहे, तेही तसंच घ्यायचं का काका?

काकांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला. तो रिकामा होता.

"ते मनानं सोडाचं असते, पोरी," ते म्हणाले. "खरंच घर सोडून जा, असं थोडीच हाय त्यात."

तासभर लाक्षणिक अर्थ लढवणारे आमचे बाबा ताठ बसले. "नाई, नाई. लिवलं हाय म्हंजे लिवलं हाय. आमची वरची खोली रिकामीच हाय."

आतापर्यंत मान खाली घालून खाणारा मुलगा काकांना म्हणाला, "बाबा, जे लिवलं ते तसंच घ्याचं, हे मले तुमीच शिकवलं."

काकू तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. बाबा विजयी मुद्रेने आईकडे वळले, तर आई म्हणाली, "सासऱ्याच्या वरच्या खोलीत राह्याले जा, असंबी नाई लिवलं त्यात."

आता ताई-भावजी अमरावतीतच राहतात, आमच्यापासून गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. काका महिन्यातून एकदा त्यांच्याकडे येतात, आणि बाबा त्यांना गाठायला तिकडे जातात. शास्त्र उघडलं की सहा दिवसांच्या त्या पहिल्या अध्यायावर दोघांचं तास-दीड तास भांडण चालतं. मग दुसऱ्या अध्यायातलं ते वचन जवळ आलं की दोघांनाही एकदम चहाची आठवण होते.