जुळलेली सही

मी प्रोग्रामर माणूस. कुणी भुताखेतांचं सांगायला लागलं की मी चहाच्या निमित्ताने उठायचो. त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय...

मी धुळ्याला देवपुरात राहतो. कॉलेजचा मित्र गिरीश जळगावला. केळी पिकवायच्या खोल्यांसाठी आम्ही दोघांनी सॉफ्टवेअर बनवलं होतं. खोलीतलं यंत्र तापमानाचा मेसेज पाठवतं, सर्व्हर घेतो. मेसेज खरा आहे हे कळावं म्हणून त्यावर सही असते — मजकूर आणि गुप्त किल्ली यांतून निघालेली अक्षरांची एक ओळ. यंत्राचा प्रोग्राम माझा, पायथॉनमध्ये. सर्व्हरचा गिरीशचा, जावामध्ये. दोन्हीकडे सही तंतोतंत सारखी निघायला हवी. मराठी मजकूर घातला की निघतच नव्हती!

त्या दुपारी वीज गेलेली, नेट बंद. दोन्ही प्रोग्राम माझ्याच लॅपटॉपवर चालवत होतो. नुकतीच नवी किल्ली बनवली होती. गिरीशलाही ती ठाऊक नव्हती. 'खोली तीन, तापमान अठरा' असा मेसेज पाठवला. स्क्रीनवर आलं — सही जुळली. खुशीत त्याखाली सर्व्हरला मिळालेला मजकूर वाचला.

'गिरीशनी सही करी टाकी.'

आमची घरची अहिराणी — गिरीशने सही करून टाकली. पण हे मी लिहिलंच नव्हतं! वाटलं, गिरीशनेच कोडमध्ये गंमत केली असणार. हसतच फोन लावला.

"काय रे, कशावर सही करी टाकी?"

तिकडून हळूच — "तुले कोनी सांगं?"

खोदून विचारल्यावर कळलं, त्याच सकाळी त्याने करारावर सही करून बठ्ठं, सगळंच्या सगळं सॉफ्टवेअर एका कंपनीला देऊन टाकलं होतं. एकट्याच्या नावावर. माझ्या लग्नात माझ्या भावापेक्षा जास्त धावपळ केलेला माणूस...

नंतर कोड ओळ न् ओळ तपासला. ते वाक्य कुठेच नाही. तेच वाक्य, तीच किल्ली देऊन पाहिली — पायथॉनची सही वेगळी, जावाची वेगळी. पुन्हा जुळलीच नाही. लोक म्हणतात, गिरीशनेच काहीतरी लपवून ठेवलं असेल. पण स्वतःची चोरी स्वतःच कोण सांगेल?

परवा चोपड्याला एका लग्नात तो समोर आला. वाटलं, माफी मागेल. त्याने मला मांडवाबाहेर नेलं आणि अहिराणी सोडून, परक्याशी बोलावं तसं शुद्ध मराठीत विचारलं, "खरं सांग, आमच्या व्यवहारातलं कोण फुटलं?"

जे घडलं तेच मी सांगितलं.

"नसेल सांगायचं तर राहू दे," म्हणाला, आणि पंगतीत जाऊन बसला.