ओरेस्तेसने पुसलेलं पॅकेज

१६ मार्च २०१९, शनिवार. सकाळी ओरेस्तेस माझ्या लॅपटॉपवर लिनक्सचा नवा गाभा, त्याच्या भाषेत कर्नल, घालायला आला. पाचला माँतेविदेओत नातीचं लग्न. पार्कातल्या बाकावर बसून तिथल्या वायफायवर व्हिडिओ कॉलने बघायचं.

एवढं लिहून अंपारोने वही मिटली, तोच ओरेस्तेसने डोकं खाजवलं. कामागुए शहरात तो कॅमेरे दुरुस्त करी. शिवाय इंटरनेट फक्त पार्कात मिळे, म्हणून लिनक्सची पॅकेजं, म्हणजे प्रोग्रामचे गठ्ठे, भरलेली एक डिस्क मंडळींत घरोघर फिरे; तिचीही राखण त्याच्याकडे. अंपारो त्याच्या मुलीची धर्ममाता, म्हणून तो तिला कोमाद्रे म्हणे.

"वायफायची खूणच दिसत नाही, कोमाद्रे. काल तर चालत होतं."

"काल तू हात लावला नव्हतास."

पडद्यावरच्या ओळी त्याने पुन्हा वाचल्या. वायफाय चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, नव्या कर्नलसाठी नव्याने बांधावा लागतो, आणि त्याला लागणारं हेडरचं पॅकेज डिस्कवर नव्हतंच. अपडेट मध्येच अडकलं होतं.

"गेलं कुठं?"

ओरेस्तेस पुटपुटला, "मीच पुसलं. तुर्की मालिकेचे शेवटचे भाग मावत नव्हते. वाटलं, हे कोणाला लागतंय!"

"म्हणजे मालिकेतल्या नवरीचं लग्न लागलं आणि माझ्या नातीचं मला दिसायचं नाही! मग जुन्याच कर्नलवर चालू कर."

"तो आधीच काढला. लग्नाचे फोटो ठेवायला जागा कर, असं तूच म्हणालीस."

अंपारोला हसू आलं, पण तिने घड्याळाकडेही बघितलं. नातीला तिनेच वाढवलं होतं.

"डिस्क तुझ्याआधी कोणाकडे होती?"

"डेझीकडे. तिने सगळं उतरवून घेतलंय. ती बाई रिकामी बाटलीसुद्धा टाकत नाही!"

तो सायकलवर सुटला. अंपारोने निळा झगा घातला, केस विंचरले, पुन्हा विंचरले. अखेर सायकलच्या मागे बसून डेझीच आली, ओठ रंगवून.

"पॅकेज एकटं पाठवणार नाही," ती म्हणाली. "मलाही लग्न बघायचंय."

ओरेस्तेसने हेडर बसवलं, अडकलेलं अपडेट पुरं केलं आणि लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. कोपऱ्यात वायफायची खूण उमटली. तिघं पार्काकडे जवळजवळ पळालीच.

बाकावर आणखी चौघं दाटीने बसली. चित्र अडकत अडकत येत होतं. नवरीने अंगठी घालून घेतली आणि कॅमेऱ्याकडे वळली. "आजी, दिसतंय ना?"

"दिसतंय गं राणी, सगळं दिसतंय!"

"माझ्यामुळे!" ओरेस्तेस ओरडला.

"तुझ्यामुळेच तर घोळ झाला, मेल्या!" डेझीने त्याला कोपर मारलं.

घरी आल्यावर अंपारोने वही उघडली. लिहिलं: लग्नाच्या नादात काळा घेवडा भिजत घालायचा राहिला. उद्या नुसता भात आणि तळलेली केळी.