छप्पन्न जास्त

ऐंशीच्या दशकात अख्ख्या नागपुरात पेप्टाइड बनवणारी मी एकटीच, असं मी सगळ्यांना सांगत फिरायचे. खरं-खोटं करायला कोणी येत नव्हतं, म्हणून दावा टिकला.

काम चिकाटीचं होतं. अमिनो आम्लं एकाला एक जोडत साखळी वाढवायची. जोड भलत्या जागी बसू नये म्हणून काहींच्या अंगावर आधीच एक संरक्षक गट बांधून ठेवायचा आणि साखळी पूर्ण झाली की ती आम्लात ठेवून हे सगळे गट सोडवून घ्यायचे. माझी आई नागपुरातल्याच महाल भागात ब्लाउज शिवायची. ‘म्हणजे कच्चे टाके,’ ती म्हणाली, आणि तिच्या दृष्टीने विषय संपला.

माझी साखळी पूर्ण झाली, टाकेही उसवले. पण रेणू बरोबर झालाय की नाही, हे त्याचं वजन केल्याशिवाय कळणार कसं? ते करणारा मास स्पेक्ट्रोमीटर आमच्याकडे नव्हता. चिमूटभर पावडर पोस्टाने दूरच्या शहरात पाठवायची आणि पोस्टमनची वाट बघायची. चार्ट आला. वजन छप्पन्नने जास्त होतं.

छप्पन्न म्हणजे एक संरक्षक गट. तो दोनच ठिकाणी असू शकत होता. साखळीतल्या टायरोसिन या अमिनो आम्लावरचा सुटायचाच राहिला असेल, तर पुन्हा आम्लात ठेवलं की काम फत्ते. पण सुटलेला एखादा गट त्याच आम्लात जाऊन ट्रिप्टोफॅन या दुसऱ्या अमिनो आम्लावर बसला असेल, तर तो काही केल्या निघत नाही. मग सगळं पहिल्यापासून. आणि पहिल्यापासून करायला ट्रिप्टोफॅन होतं कुठे? परदेशी बाटली रिकामी झाली होती, नवी यायला वर्ष लागलं असतं आणि माझी शिष्यवृत्ती उन्हाळ्यात संपत होती. थोडक्यात, पेप्टाइड गेलं की पीएचडी गेली.

माझे गाइड म्हणजे साक्षात जमदग्नी. चार्टकडे धड न बघता म्हणाले, ‘‘फेकून दे.’’

मी काही फेकलं नाही. त्या यंत्रात रेणूचे इकडेतिकडे तुकडेही होतात आणि त्यांचीही वजनं मिळतात. ज्या तुकड्यात छप्पन्न जास्त, त्यातच तो चोर. तुकडे नीट दिसतील असा चार्ट पुन्हा काढून द्या, अशी मी त्या लोकांना गळ घातली, आणि त्या भल्या माणसांनी तो पाठवलाही.

पट्टी-पेन्सिल घेऊन बसले. शेपटाकडच्या, ट्रिप्टोफॅन असलेल्या तुकड्याचं वजन ४०५ यायला हवं होतं. चार्टवर ४६१ला चांगली ठसठशीत रेघ उभी होती. वजाबाकी करायला मला पेन्सिल लागली नाही. मी तिथेच टेबलावर डोकं टेकून रडायला लागले.

‘‘काहून रडून राहिली वं?’’ सर दारात उभे होते.

‘‘ट्रिप्टोफॅनवरच बसलंय सर. संपलं सगळं.’’

त्यांनी चार्ट ओढून घेतला. चष्मा कपाळावर सरकवला.

‘‘ते लोक नमुना कशात कालवतात?’’

‘‘ग्लिसरिनमध्ये.’’

‘‘मग ग्लिसरिनच्या रेघा नाही येणार का? किती-किती अंतरावर येतात?’’

ब्याण्णव. मला पाठ होतं. मी डोळे पुसून पाहिलं. ३६९ला रेघ होती, ५५३लाही होती. त्यांच्या बरोबर मधली ४६१.

‘‘हे ग्लिसरिनचं आहे वं. दुसऱ्याच्या मयताले रडून राहिली तू. तुझं ४०५ले पाह्य.’’

होती! मुंगीएवढी, पण होती. ट्रिप्टोफॅनवर काहीही बसलेलं नव्हतं. मग टायरोसिन असलेले तुकडे तपासले, तर ते सगळे छप्पन्नने फुगलेले. मी नाक ओढत हसत होते आणि सर मला ‘‘येडी’’ म्हणत होते.

अर्धी पावडर बाजूला ठेवून अर्धी पुन्हा आम्लात घातली. सुटलेला गट या वेळी ट्रिप्टोफॅनकडे वळू नये म्हणून त्याला वाटेतच पकडणारं थायॉल हे गंधकाचं रसायन भरपूर ओतलं. त्याचा वास असा, की घरी जाताना बसमध्ये शेजारची बाई पदर नाकाला लावून उठून गेली. मला खिडकी मिळाली.

तिसरा चार्ट आला तेव्हा वजन बरोबर होतं. जास्त काही नाही, कमी काही नाही. माझी पीएचडी वाचली होती. मी चार्ट घेऊन धावतच सरांच्या खोलीत गेले. वाटलं, आता शाबासकी. त्यांनी तो पाहिला, घडी घातली आणि आपल्या पिशवीत ठेवला.

‘‘सर, तो मला लागेल. थीसिसला.’’

‘‘उद्या आणून देतो.’’ माझ्याकडे न बघता ते बोलत होते. ‘‘माझंही असंच झालं होतं, विद्यार्थी होतो तेव्हा. वजन करायले तेव्हा कुठलं यंत्र? बिघडलं म्हणून सगळं मोरीत ओतून दिलं. मग दुसराच विषय घेतला.’’

चार्टसाठी पुढे केलेला हात मी मागे घेतला.

‘‘माझी बायको तेव्हा त्याच लॅबमध्ये होती,’’ ते म्हणाले. ‘‘तिनं हात धरला होता माझा. ओतू नका म्हणे. तिले दाखवतो.’’